काढा म्हणजे नेमकं काय?

चहा गॅसवर ठेवून आपण फोन घ्यायला जातो. परत येतो तोवर पाणी अर्धं आटलेलं असतं, रंग काळपट झालेला असतो आणि पहिल्या घोटालाच जीभ आवळून येते. घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "चहाचा पार काढा केलास." बोलणाऱ्याच्या मनात तक्रार असते, पण शब्द अगदी नेमका निवडलेला असतो. पाण्यात वनस्पती, खाली आच, पाण्याचं आटणं आणि तुरट-कडू चव, हे सगळं त्या एका शब्दात आहे. काढ्याची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तरीही गेल्या काही वर्षांत हा शब्द फार सैल झाला आहे. गरम पाण्यात तुळशीची चार पानं टाकली की काढा, पुडीतली पूड ढवळली की काढा, आलं-गूळ-दूध उकळलं तरी काढाच. शब्द सैल झाल्याने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. माझं म्हणणं असं की इथे शब्दातच कृती आहे. शब्दाकडे नीट पाहिलं नाही तर कृती चुकते आणि मग औषध पातेल्यात राहत नाही. म्हणून आधी शब्द पाहू, मग पातेलं.

'काढा' हा शब्द 'काढणे' या क्रियापदावरून आला असावा, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. वनस्पतीतून सत्त्व काढायचं, म्हणून काढा. अर्थ इतका चपखल बसतो की शंका येत नाही. पण दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत. 'काढणे' हे प्राकृतातल्या 'कड्ढ' या धातूकडून आलं आणि त्याचा अर्थ ओढणे. 'काढा' मात्र संस्कृत 'क्वाथ'चं मराठी रूप आहे आणि त्याच्या मुळाशी 'क्वथ्' म्हणजे उकळणे हा धातू आहे. प्राकृतात येताना 'क्व'मधला 'व' गळाला आणि 'थ'चा 'ढ' झाला. असा 'थ'चा 'ढ' इतरत्रही झालेला दिसतो. 'प्रथम'चं प्राकृतात 'पढम' झालं, 'शिथिल'मधून आपला 'ढिला' आला.

एकदा हे लक्षात आलं की काढ्याचं सगळं गोत समोर उभं राहतं. कढणे, कढ, कढत पाणी. ताक आणि बेसनाची कढी. आजाऱ्याला देतात ते मुगाचं कढण. लोणी कढवून केलेलं तूप. रडू आवरेनासं झालं की आपण म्हणतो तो रडण्याचा कढ, तोही याच कुळातला, कारण आतून उकळून वर येण्याचीच ती गोष्ट आहे. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याला मराठीत आपण 'उत्कलनबिंदू' म्हणतो, हिंदीच्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'क्वथनांक' म्हणतात. तिथे तो जुना धातू जसाच्या तसा राहिला आहे. म्हणजे या शब्दाचा भर 'काढण्या'वर नाही, 'कढण्या'वर आहे. सत्त्व ओढून काढायचं नसतं. ते मंद आचेवर आपणहून पाण्यात उतरेल इतका वेळ त्याला द्यायचा असतो.

संस्कृत ग्रंथांत काढ्याला आणखी नावं आहेत. शार्ङ्गधरसंहितेत शृत, क्वाथ, कषाय आणि निर्यूह हे एकाच गोष्टीचे पर्याय म्हणून दिले आहेत. त्यातला 'कषाय' मला फार आवडतो. कषाय म्हणजे तुरट. सालीत आणि मुळात टॅनिन ही तुरट द्रव्यं भरपूर असतात, ती गरम पाण्यात सहज उतरतात, आणि म्हणून उकळलेल्या अर्काला त्याच्या चवीचंच नाव मिळालं. गोव्यात आणि कोकणी घरांत आजही धने, आलं, मिरी आणि गुळाच्या उकळलेल्या पाण्याला 'कसाय' म्हणतात, केरळात 'कषायम'. साली उकळून निघणाऱ्या तपकिरी-तांबूस रंगाशी जोडलेला शब्द म्हणजे भिक्षूंचं काषाय वस्त्र. जैन विचारात क्रोध, मान, माया आणि लोभ यांना कषाय म्हणतात, कारण ते आत्म्याला डागाळतात. पातेल्यात उरलेला तपकिरी डाग घासताना मला हे सगळं आठवतं.

आता कृतीकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात वनस्पतीचं औषध करायच्या पाच पद्धती दिल्या आहेत: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. शृत म्हणजेच काढा. याच अध्यायात एक बारीक निरीक्षण आहे. सहा रसांपैकी पाचच रस या पद्धतींना योग्य धरले आहेत, खारट रस त्यातून वगळला आहे. जरा विचार केला तर कारण पटतं. मीठ पाण्यात विरघळून जातं, मागे चोथा उरत नाही. मिठाचा काढा करताच येत नाही.

या पाचही गोष्टी आपल्या घरात रोज होतात, फक्त आपण त्यांना त्या नावांनी हाक मारत नाही. आलं किसून पिळलं की स्वरस. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ आणि ओवा वाटून हातावर ठेवतात तो कल्क, म्हणजे चटणीच. उन्हाळ्यात धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी गाळून, खडीसाखर टाकून पितात तो हिम, ज्याला चरक शीत म्हणतो. माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचं पाणीसुद्धा हिमाच्याच जातीचं. उकळतं पाणी ओतून, झाकण ठेवून, पाच मिनिटांनी गाळलं की फांट. किटलीत मुरवलेला बिनदुधाचा चहा हा फांट आहे आणि अमृततुल्यातला खळखळ उकळलेला चहा काढ्याकडे झुकणारा आहे. चहाचा काढा झाला म्हणणारी माणसं शास्त्राला धरूनच बोलत असतात.

पाच पद्धती कशासाठी? कारण प्रत्येक वनस्पतीत औषध वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या रूपात असतं. काढा हा कठीण भागांसाठी आहे. मूळ, साल, खोड, वाळलेलं फळ, कडक बी. बाळंतिणीला देतात तो दशमुळांचा काढा हे त्याचं नमुनेदार उदाहरण. त्यात बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही पाच झाडं, आणि सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू ही पाच लहान झुडपं. मूळ काढलं की झाड जातं, म्हणून मोठ्या पाच झाडांच्या बाबतीत आता बऱ्याच ठिकाणी मुळाऐवजी खोडाची साल वापरतात. मूळ असो की साल, ते लाकूडच. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून त्यातून फारसं काही मिळत नाही. पाणी आधी त्या लाकडात शिरायला हवं, पेशींच्या भिंती फुगायला हव्यात, आतली द्रव्यं विरघळायला हवीत आणि मग ती बाहेरच्या पाण्यात यायला हवीत. या प्रत्येक टप्प्याला उष्णता लागते, पण त्याहून जास्त वेळ लागतो.

सुरुवात भरडीपासून होते. काष्ठौषधींच्या दुकानात काढ्याची वनस्पती मागितली की अनुभवी दुकानदार विचारतो, "भरड देऊ की चूर्ण?" काढ्याला भरडच हवी, रव्यापेक्षा जाड. अख्खं मूळ टाकलं तर पाणी आतपर्यंत पोचत नाही. आणि पीठ टाकलं तर? जितकं बारीक तितकं जास्त सत्त्व उतरेल असं वाटतं, पण पिठातला स्टार्च उकळल्यावर फुगून चिकट खळ होतो. ती खळ तळाला लागते, करपते आणि फडक्यातून गळत नाही. पाण्याला आत जायला वाट हवी आणि गाळताना बाहेर यायलाही वाट हवी. दोन्ही वाटा मोकळ्या राहतात त्या भरडीतच. शक्य असेल तर ही भरड काही तास पाण्यात भिजू द्यावी, म्हणजे लाकूड आधीच पाणी पिऊन तयार होतं.

मग प्रमाण. शार्ङ्गधराचं मूळ माप असं: एक पल भरड, सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात मंद आचेवर उकळून एक अष्टमांश उरवायचं. पल म्हणजे चार तोळे, आजच्या हिशेबात ४८ ग्रॅम धरतात. म्हणजे सुमारे ७६८ मिलिलीटर पाण्याचं ९६ मिलिलीटर. द्रव्याच्या कठीणपणाप्रमाणे पाणी बदलायचाही नियम आहे. मऊ द्रव्याला चौपट, मध्यम द्रव्याला आठपट आणि कठीण द्रव्याला सोळापट पाणी घ्यायचं आणि चौथा भाग उरवायचा. घरोघरी 'चार कपांचा एक कप' म्हणतात तो हाच चौथा भाग. एका माणसाच्या एका वेळेसाठी १० ग्रॅम भरड, १६० मिलिलीटर पाणी आणि उरलेला ४० मिलिलीटर काढा, असा सुटसुटीत हिशेब धरता येतो.

हे आटवणं कशासाठी, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. पाणी उडून गेल्याने वनस्पतीतून जास्तीचं काही बाहेर येत नाही. जे आधी उतरलं तेच दाट होतं. मग सुरुवातीलाच कमी पाणी का घेऊ नये? कमी पाणी लवकर आटतं आणि लाकडाला पुरेसा वेळ मिळत नाही. शिवाय थोड्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं लवकर दाटतात आणि मग आतलं सत्त्व बाहेर यायचा वेग मंदावतो. भरपूर पाणी सत्त्वाला जागा देतं आणि ते पाणी मंद आचेवर आटायला लागणारा काळ हेच उकळण्याचं माप होतं. घड्याळ नसलेल्या घरात 'चार कपांचा एक कप' हेच घड्याळ होतं. कठीण वस्तूला जास्त पाणी म्हणजे जास्त वेळ. फक्त पाण्याच्या पटीवरून उकळण्याचा काळ ठरवायची ही युक्ती मला थक्क करते.

माझी आजी पातेल्यात मोरीच्या झाडूची स्वच्छ धुतलेली काडी उभी धरायची. पाणी ओतल्यावर काडी कुठवर ओली झाली तिथे नखाने खूण करायची, मग त्या लांबीच्या चार घड्या घालून चौथ्या हिश्शावर दुसरी खूण. अधूनमधून काडी बुडवून पाहायची. ही पद्धत सरळ उभ्या भांड्यात बिनचूक चालते. कढईत किंवा खाली निमुळत्या होत गेलेल्या पातेल्यात मात्र फसते, कारण तिथे निम्मी उंची म्हणजे निम्मं पाणी नसतं, त्याहून कमी असतं. आजी काढ्यासाठी नेहमी तेच एक सरळ भांडं का घ्यायची, ते मला फार नंतर उमगलं.

भांड्याचं झाकण हा वेगळा विषय आहे. ग्रंथांत काढा उघड्या भांड्यात करायला सांगितलं आहे आणि आटवायचं असेल तर झाकण ठेवून चालणारही नाही. आच मंद हवी, पाण्यात बारीक बुडबुडे येत राहतील इतकीच. आज मातीचं भांडं नसेल तर स्टील किंवा काच उत्तम. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको आणि ॲल्युमिनियमही नको. लोखंडाचं काय होतं ते हिरड्यावरून कळतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच मेळातून करत असत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून वाळवतात. तो औषधात जातो आणि टॅनिनसाठीही मोलाचा मानला जातो. असा हिरडा लोखंडी कढईत उकळला तर काढ्याऐवजी शाईच हाती येईल.

आता जिथे बहुतेकांची चूक होते, तिथे येऊ. माझीही झाली होती. थंडीत खोकला झाला म्हणून मी तुळस, गवती चहा, आलं, दालचिनी आणि ज्येष्ठमध एकदम पातेल्यात टाकलं आणि चांगलं अर्धा तास उकळलं. सगळ्या घरात इतका सुंदर वास पसरला की मला वाटलं, काढा उत्तम जमला. पेल्यातलं पाणी मात्र नुसतं कडवट-गोडसर लागलं. गवती चहाचा मागमूस नव्हता. आजी म्हणाली, "अगं, वास सगळा घरात गेला. काढ्यात काय उरलं?"

तिचं एक वाक्य मला पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात सविस्तर सापडलं. तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, दालचिनी, वेलची यांचा गुण मुख्यतः त्यांच्या सुगंधी तेलांत असतो. ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. अत्तराचा व्यवसाय याच गोष्टीवर उभा आहे. अत्तरवाला ती वाफ धरून थंड करतो, आपण ती उघड्या पातेल्यातून स्वयंपाकघरात सोडून देतो. म्हणून सुगंधी पानांचा काढा करू नये, फांट करावा. ज्येष्ठमधासारखं लाकूड आणि तुळशीसारखं पान एकत्र हवं असेल तर आधी लाकूड उकळून आटवावं, गॅस बंद करावा, मग पानं चुरगाळून टाकावीत आणि झाकण ठेवावं. दहा मिनिटांनी गाळावं. पातेलं एकच, पण वेळा दोन.

२०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने 'आयुष क्वाथ' या नावाचं मिश्रण सुचवलं. त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग होती. ती पूड उकळलेल्या पाण्यात चहासारखी मुरवून प्यायची होती. म्हणजे नाव क्वाथाचं आणि कृती फांटाची. कृती बरोबरच होती, कारण चारही वस्तू सुगंधी आहेत. पण नावातल्या 'क्वाथ'मुळे घराघरांत ते मिश्रण तासभर आटवलं गेलं, दिवसातून चार-चार वेळा प्यायलं गेलं आणि कितीतरी जणांच्या पोटात आग पडली. सुंठ, मिरी आणि दालचिनी उष्ण आहेत, आणि आटवल्यावर त्यांचा तिखटपणा तेवढा दाट होऊन उरतो. शब्दातल्या ढिलाईची किंमत तेव्हा मी जवळच्या माणसांत पाहिली.

त्याच काळात गुळवेलही खूप प्यायली गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांचा गुळवेलीशी संबंध असल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकेल, असा मुद्दा पुढे केला. वाद बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी हाती लागतात. वनस्पती ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी, आणि रोज, महिनोन्महिने, स्वतःच्या मनाने काढा पिऊ नये. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण ते जास्त आणि दीर्घकाळ घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून पुढे खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्सिन तयार झालं. तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं, म्हणून गरोदर बाईने अडुळशाचा काढा वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. काढ्यात गुण आहे असं मानणाऱ्याने त्याला अवगुणही असू शकतो, हे मानलंच पाहिजे. मी दोन्ही मानते.

काढा ताजाच प्यायचा. पाण्यात उतरलेली साखर, स्टार्च आणि प्रथिनं जंतूंनाही आवडतात. सकाळचा काढा फार तर संध्याकाळपर्यंत, तोही थंड जागी झाकून. दुसऱ्या दिवशी नव्याने करावा. बाटलीतलं अरिष्ट महिनोन्महिने टिकतं त्याचं कारण पुढच्या प्रक्रियेत आहे. आधी काढा करतात, मग त्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात. आंबताना तयार होणारं थोडं मद्यच त्याला टिकवतं. आसवही असंच आंबवतात, पण त्यात आधी काढा नसतो. दशमूलारिष्टाच्या बाटलीत काढा आहे, पण तो काढ्याच्या पलीकडे गेलेला आहे. काढा आणखी आटवत नेला तर तो घट्ट होतो, तो घन. गुळवेलीची घनवटी अशीच करतात. दुधात करायचा असेल तर क्षीरपाक होतो. द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि सगळं पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचं. या सगळ्यांच्या मुळाशी तोच एक कढ आहे.

गाळण्यासाठी चहाची गाळणी पुरत नाही, सुती फडकं लागतं. काढा कोमट झाला की फडक्यात ओतावा आणि पुरचुंडी करून घट्ट पिळावा, कारण फुगलेल्या भरडीने बराच काढा धरून ठेवलेला असतो. गरम असताना पिळला तर हात भाजतात, पार गार झाल्यावर पिळला तर तो दाटून फडक्यातच अडकतो. मध घालायचा असेल तर तोही कोमट झाल्यावरच. आजी शेवटचा थेंब पिळून झाला की फडकं झटकून वाळत घालायची आणि उरलेला चोथा परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी टाकायची. पुढच्या वेळेसाठी ती खुणांची काडी भांड्याच्या मागे फळीवर उभी करून ठेवलेली असायची.